सतरा गल्ल्यांचं पाणी

ड्युटीवर असताना नाना कुणाच्याही घरचा चहा घेत नसत. आमचं गाव दोंडाईच्याच्या पुढचं; तिथे चहाला नाही म्हणणं म्हणजे जवळजवळ भांडण काढणं. तरी माझे वडील खांद्यावरची लोखंडी चावी सावरत मान हलवायचे आणि पुढे चालू लागायचे. "आज एक कप चहा, उद्या दोन आटा जास्ती, परवा बठ्ठं पानी त्याना घर," असं त्यांचं म्हणणं. ते ग्रामपंचायतीचे व्हॉल्व्हमन होते; आटा म्हणजे व्हॉल्व्हच्या चावीचा एक फेरा. सतरा गल्ल्या, सतरा व्हॉल्व्ह, आणि पाणी पाच दिवसांआड. अशा गावात ती चावी ज्याच्या हाती, त्याला सरपंचापेक्षा जास्त नमस्कार मिळतात. नानांनाही मिळत, पण परत करायला त्यांचे हात रिकामे नसत.

पाण्याची सुरुवात टाकीजवळच्या पहिल्या गल्लीपासून व्हायची आणि आमची गल्ली होती सतरावी. टाकीतलं पाणी तोवर तळाला गेलेलं असे. "व्हॉल्व्हमननी बायको, न् हंडा रिकामा! लोके हासतस," आई वैतागायची. नाना भाकरी मोडत म्हणायचे, "हासू दे. बोंब तं नही मारतस ना?" मला तेव्हा यात काही थोर वाटत नव्हतं, नुसता हट्टीपणा वाटायचा. शाळेच्या वेळेला अंघोळीपुरतं पाणी नसलेल्या मुलीला वडिलांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक कुठून असणार!

कुठल्या गल्लीला किती आटे आणि किती वेळ, हे सगळं त्यांच्या डोक्यात. चढावरच्या गल्लीला व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, उतारावरच्या गल्लीला निम्माही नाही, नाहीतर सगळं पाणी तिकडेच ओढलं जातं. ग्रामसेवकांनी एकदा नोंदी करायला जाडजूड वही दिली. नानांनी ती मला आणून दिली, गणितं करायला. "डोकामा शे ना, मंग कागद कशाले?" म्हणाले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मला न्यायला ते स्वतः सावद्याला माझ्या सासरी आले. येताना बसला खड्डा लागला की ड्रायव्हरवर ओरडायचे. मी खिडकीकडे तोंड करून ओळख नसल्यासारखी बसले होते. महिनाभरात लॉकडाउन लागला आणि सगळं बंद झालं. नवरा तिकडे, मी इकडे, आणि अशातच मला मुलगी झाली. गाव घरात बसलं आणि नाना बाहेर राहिले. टीव्हीवर सांगत होते, हात पुन्हा पुन्हा धुवा. नाना कपाळाला हात लावायचे. सांगणाऱ्याचं काम सांगून संपत होतं. पाणी पोचवायचं नानांना होतं. नळ कोरडा राहिला की टँकर येणार, टँकर आला की बायका हंडे घेऊन खेटून उभ्या राहणार, आणि त्या गर्दीतून आजार घरोघर जाणार, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवसांत त्यांनी एकाही गल्लीची पाळी चुकवली नाही.

बाळ महिन्याचं झालं आणि नववी गल्ली बांबू लावून बंद केली. तीन घरांत माणसं आजारी होती. व्हॉल्व्ह नेमका बांबूंच्या आत. पंचायतीत ठरत होतं की गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा करावा. नाना म्हणाले, टँकर नको, मी आत जाईन. त्या दुपारी मी त्यांना बोलले. बाळाला छातीशी धरून ओट्यावर उभी राहिले आणि म्हणाले, "नाना, तुमले नातपेक्षा ती गल्ली मोठी शे का?"

चिडतील असं वाटलं होतं. ते खाली बघत म्हणाले, "त्यासना घरमा बी लेकरं शेतस, माय."

मग एक गोधडी, ताट आणि तांब्या घेऊन ते टाकीखालच्या खोलीत राहायला गेले. नात आणि गल्ली यांतलं त्यांनी काहीच सोडलं नव्हतं, सोडलं ते स्वतःचं घर. तेव्हा हे मला कळायला हवं होतं. मी आईला म्हटलं, "बरं झालं."

आई रोज भाकरीचा डबा टाकीच्या कट्ट्यावर ठेवून मागे सरायची. आमच्या गल्लीची पाळी असली की नाना पाणी सोडून समोरच्या लिंबाखाली उभे राहायचे आणि मी घराच्या धाब्यावर, सपाट छतावर चढून बाळ दाखवायचे. "उन्हामा नको उभी राहू तिले लिसन!" ते खालून ओरडायचे. मी म्हणायचे, जरा पुढे या. ते हलायचे नाहीत. "मी बठ्ठा गावमा फिरस," एवढंच. नात त्यांनी तीन महिने अशीच पाहिली, दुपट्यात गुंडाळलेली, लांबून. ओट्यावर बोललेला तो शब्द मागे घ्यायचा असं मी दरवेळी ठरवायचे. पण धाब्यावरून ओरडून माफी कशी मागणार? सगळी गल्ली ऐकणार. ते घरी आले की सांगू, असं म्हणत मी ते लांबणीवर टाकलं.

श्रावणात नानांना ताप आला आणि त्यांना धुळ्याला नेलं. चावी पंपावर बसणाऱ्या भाऊंकडे गेली. भाऊ नानांचे जुने जोडीदार, माणूस कष्टाळू, पण आटे त्यांना माहीत नव्हते. चढावरच्या गल्ल्या कोरड्या राहिल्या, उतारावर गटारी वाहिल्या. शेवटी टँकर आला आणि जी झुंबड नानांनी इतके महिने होऊ दिली नव्हती, ती एकाच सकाळी झाली. भाऊंनी ते फोनवर नानांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं आई अजून म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा मला फोन आला. आवाज खोल गेलेला.

"नाना, आज बाळ..."

"आधी लिखी ले. मंग बाळनं सांग, निवांत."

मी बाळाला मांडीवर घेतलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. पहिली गल्ली, पूर्ण, पाऊण तास. दुसरी, बारा आटे. तिसरी... एकेका गल्लीनंतर त्यांना दम लागत होता. मी म्हटलं, "नाना, राहू द्या, मंग सांगज्यात." ते म्हणाले, "लिखी राहिनी ना?" नवव्या गल्लीला आणखी एक सूचना होती: चेंबरचं झाकण जड आहे, भाऊला सांग, पाय सांभाळ. चौदाव्या गल्लीचे आटे सांगून ते थांबले. मागून कुणीतरी, आजोबा, ऑक्सिजनचा मास्क लावा आधी, असं म्हणालं आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी मीच लावणार होते. त्याआधी दवाखान्यातून फोन आला.

त्यांचं सगळं धुळ्यालाच उरकलं. आम्हाला जाता आलं नाही. कॅलेंडरचं ते पान पंपाच्या खोलीत भिंतीला लावलंय. भाऊ त्यावर बघून पाणी सोडतात. उरलेल्या तीन गल्ल्यांचे आटे त्यांनी चुकत-माकत बसवले आणि खाली आपल्या अक्षरात लिहून ठेवले. आता पाणी सगळीकडे येतं.

ओट्यावरच्या त्या शब्दांची माफी मी मनात रोज मागते, आणि नानांनी ती त्याच दुपारी देऊन टाकली असणार, इतकं मी त्यांना ओळखते. पण ते दुसरं राहिलं, त्याला काय करू? त्या सकाळी मुलगी पहिल्यांदा आपली आपण पालथी पडली होती आणि मान वर करून सगळीकडे बघत होती. नानांना मला ते सांगायचं होतं.