मावशीकडे आता ब्लाउजपीस मिळत नाही

नांदेडहून लातूरला कॉलेजला निघाले, त्या सकाळी आई मला रिक्षापर्यंत सोडायला आली आणि मावशी हायवेच्या पलीकडूनच हात हलवत राहिली. घरं समोरासमोर, पण मध्ये भरधाव ट्रक आणि लोखंडी कठडा. पलीकडे जायचं तर लांबच्या पुलाखालून वळसा. "लेकी, पोटभर खात जा गं!" ती ओरडली. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. तिला याहून मोठी काळजी सुचली नसावी.

त्या रस्त्यामुळं सख्ख्या बहिणी एकमेकींच्या पाहुण्या झाल्या होत्या. आई सणासुदीला ठेवणीतली साडी नेसून जायची. मावशी शिरा करायची, निघताना ब्लाउजपीस द्यायची. आलेल्या बहिणीला आमच्यात रिकाम्या हातानं पाठवत नाहीत.

मी हॉस्टेलला असताना ट्रक गावाबाहेरून वळवले. कठडा काढला, फुटपाथ केले, झाडं लावली, सिग्नल बसवला. मी सिव्हिल इंजिनिअरिंगला, त्यामुळे अशा रस्त्यानं वस्त्या कशा जोडल्या जातात हे फोनवर आईला समजावत बसले.

"जोडल्या की," आई म्हणाली. "मी आता रोजच आक्काकडं जायलेय."

पंचाईत मावशीची झाली. रोज शिरा, रोज ब्लाउजपीस. पेटीतले नवे पीस संपल्यावर आईनंच कधीतरी दिलेले पीस तिच्याकडे परत येऊ लागले. आईनं ते ओळखले, तरी घडी करून घरी आणले. मग एक दिवस मावशीनं काहीच दिलं नाही.

मी सुट्टीत आले तेव्हा आई घरातच रुसून बसलेली. "आक्काला मी जड झाले." मला खरंच भीती वाटली. रस्ता जोडला आणि या तुटल्या तर? कशीबशी तिला सिग्नलपलीकडे नेली.

मावशी दारातच कडाडली, "कुठं मेली होतीस गं? चल, पीठ मळ."

"आणि पीस?"

"ते पाहुण्यांना देतेत. तू काय पाहुणी हायस?"

आईनं पदर खोचला आणि परातीपाशी बसली. चेहरा असा, जणू पैठणीच मिळाली.

मला मात्र मावशीनं खुर्ची दिली, बशीत शिरा दिला. उठायला गेले तर म्हणाली, "बस गं, दमून आलीस." आणि निघताना हातात ब्लाउजपीस ठेवला.

घर म्हणजे काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण पुढच्या सुट्टीत मावशीनं मला भांडी घासायला बसवावं, एवढं मनापासून वाटतं.