जिभेचे स्नायू बाहेरगावचे

पुण्यात लोकांच्या जिभेला भिणारे पुष्कळ भेटतील. पण माणसाचं कूळ, शील आणि भाडं देण्याची नियत जिभेवरून ठरवणारे आमचे कोथरूडचे घरमालक एकटेच. कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, शिकवणं काही निवृत्त झालं नाही. भाजीवालीनं नुसतं "काय देऊ?" म्हटलं तरी गर्भात जीभ कशी घडते ते तिला सांगत बसायचे, ती बिचारी सुटका व्हावी म्हणून कोथिंबीर फुकट द्यायची. हिंजवडीतल्या नोकरीसाठी मी यवतमाळहून आले आणि खोली विचारायला दारात उभी राहिले, तर म्हणाले, "आपण कुठल्या?" मी सांगितलं. "वा! म्हणजे जिभेचे स्नायू. या आत."

चहासोबत खुलासा झाला. जिभेचं वरचं अस्तर तोंडातल्या तोंडात तयार होतं. स्नायू मात्र जवळजवळ सगळे मानेमागून सरकत येतात आणि आपला मज्जातंतू, म्हणजे काकांच्या भाषेत 'तार', बरोबर घेऊन येतात. "टाळूकडचा एकच काय तो इथला. त्याची तार वेगळी. तो मी," असं म्हणून त्यांनी बशी पुढे केली. तेव्हापासून माझं नाव स्नायू.

ऑफिसात मात्र माझ्या वऱ्हाडी 'येऊन राहिले, करून राहिले'ला पोरं खोखो हसत. मग मी बाई जीभ घासूनपुसून शुद्ध केली. एके सकाळी मी जिन्यात म्हणाले, "काका, मी निघते आहे हं." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ही कोण बोलली?" मला एकदम रडूच फुटलं. आईशी फोनवर बोलतानाही आता अडखळते, म्हटलं. सांत्वन करणाऱ्यांतले ते नव्हेतच. "अगं, स्नायू एवढ्या लांबून येतात, पण तार नाही तोडत. तुटली तर जीभ लुळी पडते. परीक्षेत विचारतात हे!" खालच्या मजल्यावरचे गृहस्थ हे ऐकून हसले, तर त्यांना म्हणाले, "आपल्या तोंडातलेही बाहेरगावचेच आहेत. बिनभाड्यानं राहतायत." त्या दिवसापासून मी पुन्हा बिनधास्त बोलून राहिले.

पुढे लेकीनं त्यांना बंगळुरूला नेलं. "टाळूकडचाही निघाला शेवटी," असं म्हणत रिक्षात बसले आणि उगाचच चष्मा पुसत राहिले. घर फार शांत झालं. मला करमेना, म्हणून एका रविवारी फोन लावला.

"इथं मराठीत भांडायला कुणी नाही," ते म्हणाले.

"मग काय करून राहिले काका?"

पलीकडून तोच स्वच्छ, खणखणीत पुणेरी आवाज हळूच म्हणाला, "काही नाही गं. तुझ्या फोनची वाट बघून राहिलो."