रॅलीची गाडी आणि पाळीवरचं जाळं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरच्या एका लिलावात एक मोडकी जपानी गाडी घेतली. साधीसुधी नव्हती. जपानी कंपनीच्या स्वतःच्या चमूने ती हिमालयातल्या रॅलीसाठी भारतात आणली होती. डोंगरात कुठेतरी आपटली, परत जायची राहिली आणि कस्टमच्या गोदामात कित्येक वर्षं पडून राहिली. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, दारावर अर्धा सोलवटलेला नंबर, बटणांखाली जपानी अक्षरं. चंद्रपुरात आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तेवढ्या भांडवलावर मला वाटलं की ही गाडी मी उभी करीन.

मी नाही केली. मिस्त्रीने केली.

मिस्त्री कोळशाचे ट्रक दुरुस्त करत आलेला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला ‘तू’ म्हणायचो, तो मला ‘भाऊ, तुमी’ म्हणायचा, आणि यात काही खटकण्यासारखं आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. दुकान बंद झालं की आम्ही मागच्या शेडमध्ये गाडीला लागायचो. असं चार वर्षं चाललं. ब्रेकचे सिलेंडर कुठेच मिळेनात, तर त्याने जुने मोजून लेथवर नवे करवून घेतले. चेपलेला पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून हातोडीने गोल केला. फाटलेली सीट त्याने नायलॉनच्या दोऱ्याने अशी शिवली की बोट फिरवलं तरी टाका कळू नये.

“हे कुठे शिकलास?” मी विचारलं.

“घरी,” तो म्हणाला. मी पुढचं विचारलं नाही.

गाडीत शेजारच्या सीटपुढे, पायाखाली, हॉर्नचं बटण होतं. रॅलीत बाजूला बसणारा नकाशा वाचतो, हात मोकळे नसतात, म्हणून हॉर्न त्याच्या पायाशी. मिस्त्रीला त्याची भारी गंमत वाटायची.

धान कापून झालं होतं, थंडी सुरू होती, तेव्हा आम्ही गाडी पहिल्यांदा लांबवर नेली. नागपूरहून माझा एक मित्र कॅमेरा घेऊन आला होता. चिमूरच्या बाजूला एक मोठा तलाव आहे. त्याच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, मुरमाचा अरुंद रस्ता जातो. मागे पाणी, चाकांमागे धुरळा, असा फोटो मला हवा होता. मित्र पाळीच्या त्या टोकाला जाऊन उभा राहिला.

“भाऊ, पाळीवरून नोका नेऊ,” मिस्त्री म्हणाला. “तिथी जाळे वाळत असते.”

“गाडी रॅलीची आहे की शाळेची?” मी हसून हेल्मेट चढवलं.

पाळीवर चढलो आणि गाडीने जो आवाज काढला, त्याने मी वेडाच झालो. मिस्त्री पायाने हॉर्न वाजवायला लागला, सारखा, न थांबता. मला वाटलं, त्यालाही चेव आला आहे. मी आणखी दाबली. तो काहीतरी ओरडत होता, हेल्मेटमध्ये ऐकू येत नव्हतं. वळणापुढे तीन बाया पाळीच्या उतारावर उड्या टाकताना दिसल्या. मी ब्रेक मारले. ब्रेक उत्तम लागले. पण गाडी जाळ्यावर जाऊनच थांबली आणि मागच्या चाकांनी ते आख्खं जाळं आत ओढून घेतलं.

गावाने मिळून तलावात ओढायचं मोठं जाळं होतं ते. एक्सलला आणि शाफ्टला त्याचा पीळ बसला होता. कोणाला लागलं नव्हतं. मिस्त्री गाडीखाली गेला आणि तिथूनच म्हणाला, “घंटाभर द्या भाऊ. उलटं फिरवून मोकळं करतो. एक धागा तुटणार नाई.”

ऊन उतरत होतं. फोटोचा उजेड जाणार होता. मी डिकीतून चाकू काढला.

“भाऊ, नोका.”

मी कापलं. एकदा नाही, दहा-बारा ठिकाणी. तीन बायांमधली मोठी, पन्नाशीची, जवळ येऊन उभी होती. ती काही बोललीही नव्हती. तरी मीच म्हणालो, “रस्त्यावर जाळी पसरता? रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?”

ती मिस्त्रीकडे पाहत होती. मिस्त्री खाली पाहत होता. मग तो तुकडे गोळा करायला लागला आणि हळू म्हणाला, “हे माझी बहीण होय, भाऊ. हे आमचंच गाव होय.”

चार वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खाल्लेल्या माणसाचं गाव मला माहीत नव्हतं.

मी काय केलं असेल? गाडीत बसलो. “तुमी जा, मी येतो मागून,” मिस्त्री म्हणाला, आणि मी गेलो. फोटो काढून घेतला. छान आला.

आठ दिवस मिस्त्री आला नाही. नवव्या दिवशी आला, कार्ब्युरेटरचं राहिलेलं काम पुरं केलं, आपले पाने पोत्यात भरले आणि आलापल्लीला सागाच्या ट्रकांवर काम मिळाल्याचं सांगून निघून गेला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या महिन्यात मी बाजारातून नवं नायलॉनचं जाळं घेऊन त्या गावी गेलो, बसने. बहीण अंगणात फाटकं जाळं विणत बसली होती. माझं जाळं तिने हातात घेतलं, भोकांत बोट घालून पाह्यलं.

“हे आमाले चालत नाई, भाऊ. बारीक हाय. यात पिल्लं येते. पिल्लं धरले तर उद्या तलावात काय राहीन?” तिने ते नीट घडी करून मला परत दिलं. “बसा. चहा मांडतो.”

माफी मागायला आलो होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच. “त्या दिवशी ब्रेक लागले नाहीत, बाई.”

“हो,” ती म्हणाली, “भावानं सांगतलं ना. म्हणे ब्रेक मीच बसवले, चूक माझीच. गावानं त्यालेच विणाले बसवलं होतं, आठ दिवस.”

त्या आठ दिवसांत तो कुठे होता ते मला तेव्हा कळलं. एवढं ऐकूनही मी कप संपवला, नमस्कार केला आणि जाळं काखेत मारून बस पकडली.

खरं सांगायला मला सहा वर्षं लागली. आधी आलापल्लीला गेलो. मिस्त्री ट्रकखालून बाहेर आला, केस पांढरे झाले होते. मी पहिल्यांदा त्याला ‘तुम्ही’ म्हणालो आणि ब्रेक लागले होते, चूक माझी होती, हे सांगितलं. तो संकोचला, मग म्हणाला, “मले काऊन सांगून राह्यले? मी तर गाडीतच होतो. बाईले सांगा.”

मग त्या गावी गेलो. बाई धान पाखडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, ब्रेकचं, चाकूचं, बापाच्या रस्त्याचं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

“मले मालूम होतं,” ती म्हणाली. “पाळीवर चाकाचे घसारे होते लंबे लंबे. ब्रेक लागल्याबिगर घसारे पडते का? भावाचं काम मले समजत नाई का?” मग सूप थांबवून तिने सरळ माझ्याकडे पाह्यलं. “पर चहा पेताना काऊन नाई बोलले तुमी? भावानं चूक आपल्यावर घेतली हे तुमाले सांगतलं, ते विचारणंच होतं ना.”

ती पुन्हा पाखडू लागली. मी बराच वेळ तिथे उभा होतो. कोंडा उडून माझ्या कपड्यांवर बसत होता आणि जायला कोणी सांगत नव्हतं.