गावच्या लाइटीला विचारून घेतलेलं मशीन

सुनीताचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. "आत्या, बाबा गेले..." एवढंच बोलली माझी भाची. सकाळचा चहा पिऊन भाऊ गोठ्याकडे निघाला, उंबऱ्यावर टेकला, तो उठलाच नाही. गोठा आपला म्हणायचा. बैलं जाऊन तिथं वेल्डिंगचं वर्कशॉप आलं त्याला वीस वर्षं झाली, पण घरात अजून सगळे गोठाच म्हणतात. भाऊ गेला त्याला महिना झाला. रडून झालं, आता सांगते.

माझा थोरला भाऊ आसाराम, टेंभुर्णीचा. लहानपणीच्या तापात त्याचा उजवा पाय गेला. औतामागं चालणं त्याच्या नशिबी नव्हतं, आणि आमच्याकडं जो औतामागं चालत नाही तो बसून खातो, असा कायदा. कोणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण त्याचं ताट सगळ्यांत शेवटी वाढलं जायचं. तो मुकाट्यानं जेवायचा. जालन्यात दोन वर्षं वेल्डिंग शिकून आला आणि अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना म्हणाला, गोठ्यात वर्कशॉप टाकतो. अण्णा म्हणाले, "एक मशीन घेऊन देतो. चाललं तर तुझं नशीब. न्हाई चाललं तर मंग मामाच्या किराणा दुकानात पुड्या बांधायच्या. दुसरं मशीन न्हाई."

मशीन बघायला तो माझ्याकडं जालन्याला येऊन राहिला. माझ्या मालकांनी एक नवंकोरं, सुबक मशीन हेरून ठेवलं होतं. दुकानात ते असं काही पेटलं की बघणारे वाहवा करायला लागले. भाऊ म्हणाला, "इथं बराबर चाललं. आमच्या गावच्या लाइटीवर चालंल का?" दुकानदार हसला. "लाइट काय गावागावाला वेगळी असते?"

असते हो! गव्हाला पाणी सुरू झालं की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम चालायच्या आणि आमच्या घरातला बल्ब निखाऱ्यासारखा तांबडा व्हायचा. आमच्या भागात दोघांनी असंच शहरात चालवून बघून मशीन आणलं होतं, दोन्ही पोत्याखाली पडून होती. लाइट कधी किती पडते ते बघत भाऊ महिनाभर रोज त्या बल्बखाली बसून राहिला होता. मला वाटलं, पायाबरोबर डोकंही गेलं की काय याचं! तो दुकानदारांना एकच सांगायचा, मशीन गावी नेतो, मोटरी चालू असताना चाललं तर माझं, नाहीतर परत आणतो. तीन दुकानांतून हाकललं. तिसऱ्या दिवशी मी चिडलेच. "अरे, नवरी पसंत करून राह्यलास का मशीन?" तर शांतपणे म्हणाला, "तारा, मला एकच डाव हाये."

शेवटी जुनी मशिनं विकणारे एक चाचा भेटले. त्यांच्याकडं तेलाच्या टाकीत तारा बुडवलेलं एक जुनं मशीन होतं, काळंकुट्ट धूड. भाऊनं झाकण उघडून तार खरवडून बघितली, अस्सल तांबं, कमी लाइटीतही तग धरणारं. मग आपली अट सांगितली. चाचा त्याच्या पायाकडं नाही, तोंडाकडं बघत होते. म्हणाले, "ले जाओ बेटा. अपने गाँव की लाइट से पूछ के आओ."

भर दुपारी, सगळ्या मोटरी चालू असताना, गोठ्यात अर्धं गाव जमलं. मीही गेल्ते. अण्णांनी नांगराचा मोडका लोखंडी दांडा पुढं टाकला. भाऊनं वेल्डिंगचा रॉड टेकवला, तो ठिणगी न पडता नुसता चिकटला. दुसऱ्यांदा टेकवला, पुन्हा चिकटला. मागून कोणीतरी म्हणालं, "चला, पुड्या बांधायला!" अण्णा खाली मान घालून उभे. भाऊ मात्र जराही घाबरला नाही. मशीनचं करंट वाढवायचं हँडल फिरवलं, कान देऊन त्याची घरघर ऐकली आणि रॉड काडी ओढावी तसा ओढला. डोळे दिपू नयेत म्हणून मी तोंड भिंतीकडं करून उभी होते, तर आख्खी भिंत पांढरीशुभ्र झाली!

जोड गार झाला. भाऊनं घण उचलून अण्णांच्या हातात दिला. "अण्णा, हाणा."

"अरे, तुटंल ना."

"तुटला तर दुकानात बसतो. हाणा."

अण्णांनी तीन घाव घातले. दांडा वाकला, पण जोडाच्या वीतभर पुढं. जोड बिलकुल हलला नाही. जेवायला बसल्यावर अण्णा आईला म्हणाले, "आसारामाला आधी वाढ."

तेव्हापासून त्याची रीतच पडली. फाटक असो की ट्रॉली, गिऱ्हाइकाच्या हातात घण द्यायचा आणि म्हणायचं, हाणा. माझ्या फाटकाच्या वेळी मी काही घण धरला नाही. म्हटलं, माझा भरवसा आहे. खरं तर मला भीती वाटायची. त्याचा जोड माझ्या हातून तुटला तर?

परवा टेंभुर्णीला गेल्ते. भावकीचं म्हणणं पडलं, मशीन विकून टाका, पोरीच्या जातीला हे झेपायचं नाही. गोठ्यातून घरघर ऐकू येत होती. आत सुनीता, डोळ्यांवर बापाची काळी काच, समोर कुणाचा तरी मोडका दांडा. मी भिंतीकडं तोंड केलं. भिंत तशीच पांढरी झाली... तिनं काच काढली, डोळे सुजलेले. जोड गार होऊ दिला आणि दोन्ही हातांनी घण उचलून माझ्यापुढं धरला.

"आत्या, हाणा."

या वेळी घेतला मी. तीनदा हाणला, होतं नव्हतं ते बळ लावून. जोड हलला नाही.

मग घरात जाऊन वहिनीला म्हणाले, "सुनीताला आधी वाढ."