पेटीवरचा चोर-शिपाई

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. आखाडा बाळापूरला एसटी पंक्चर झाली आणि बांगड्या विकणाऱ्या एका खालांनी आपली पत्र्याची पेटी झाडाखाली मांडली. तिच्यावर चिठ्ठ्या टाकून त्या, कॉलेजच्या दोन मुली आणि मी राजा-राणी-चोर-शिपाई खेळायला बसलो. मी लहानपणीही हा खेळ खेळलो नव्हतो.

मला शिपायाची चिठ्ठी आली. चोर ओळखायचा होता, म्हणून मी एका मुलीला अदबीनं विचारलं, "चोर तुम्ही का?"

ती "नाही" म्हणाली, मी ते मानलं. चोर तीच होती.

खालांनी कपाळावर हात मारला, तशा मनगटभर बांगड्या खळखळल्या. "चोरालाच इचारून राहिले व्हय, बाबू? चोर आपली चिठ्ठी दोनदा पाहतो. त्यालाच धरायचं."

पुढच्या डावात चोराची चिठ्ठी मला आली. खात्री करायला मी ती पुन्हा पाहिली. तिघीही एकदम हसल्या.

चाक बसलं. गाडीत चढल्यावर खालांनी विचारलं, "काम काय करता, बाबू?"

"पोलिसात लागलोय. आज वसमतला हजर व्हायचंय."

या वेळी खाला हसल्या नाहीत. सीटखाली सरकवलेली पेटी त्यांनी बाहेर ओढली आणि वसमतपर्यंत मांडीवर धरून बसल्या.