खालचा आवाज

माझे वडील पिंपळगाव रेणुकाईच्या विहारातल्या गायनपार्टीत कोरसला असायचे. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम व्हायचे. मुख्य गायकाच्या गळ्यात हार पडायचा आणि वडील मागं, ढोलकीवाल्याशेजारी. त्यांच्यामुळंच मला चारजणांनी मिळून गायची ओढ लागली. मी संगीत शिकले आणि भोकरदनच्या एका खाजगी शाळेत संगीताची बाई म्हणून लागले.

या शाळेत समूहगीत म्हणजे सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं. मी पोरांचे दोन भाग केले. वरचा आवाज वेगळा, खालचा वेगळा, आणि दोन्ही एकाच वेळी. सुरुवातीला खालचे वरच्यांच्या सुरात ओढले जायचे. पोरं कानात बोटं घालून गायची आणि मी म्हणायची, "बोटं काढा. त्यांचं ऐका, पण आपलं सोडू नका." ते जमायला पावसाळा आणि हिवाळा गेला.

खालचा आवाज उभा राहिला तो एका मुलीच्या जोरावर. ती नववीत होती, जाफराबादच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून जीपनं यायची. उंच, सावळी, आवाज जाड. वर्गातली पोरं तिला घोगरी म्हणायची, म्हणून ती प्रार्थनेलाही तोंड उघडत नव्हती. मी तिला मधोमध उभी केली. ती "सा" लावायची आणि बाकीचे तिला धरून राहायचे. जालन्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत आमचा पहिला नंबर आला. परतताना एसटीत ती खिडकीशी बसून भोकरदन येईपर्यंत गात होती.

त्याच वर्षी शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे येणार होते. स्वागतगीत मी बसवलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"मॅडम, साहेबांनी गाणं स्टुडिओतून रेकॉर्ड करून आणलंय. पोरं नुसती तोंडं हलवतील."

साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. मी म्हणाले, "सर, पोरं गातात. जिल्ह्यात पहिली आलीत."

"म्हणून काय झालं? एखादं बेसूर निघालं तर पाहुण्यांसमोर बेइज्जती कुणाची? आन् ती उंच पोरगी मागं घ्या. पुढं जरा दिसायला बऱ्या पोरी ठेवा."

"मंग मी समोर उभी राहणार न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, विचार करून राह्यलेत. पण दुसऱ्या दिवशी पोरांसमोर हातवारे करायला पीटीचे सर उभे होते. कवायतीचेच हात, एक-दोन, एक-दोन.

मी मंडपात बाजूच्या खुर्चीवर बसले होते. स्पीकरमधून एका बाईचा गोड आवाज सुटला. खालचा भागही त्याच बाईनं गायलेला. पोरं मासोळीसारखी तोंडं उघडत-मिटत होती. मागच्या रांगेत ती दिसली. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, छाती वर-खाली होत होती. ती खरंच गात होती. मग तिच्या बाजूचा पोरगा गायला लागला, त्याच्या पलीकडची मुलगी गायला लागली. थोड्या वेळात मागची अख्खी रांग गात होती आणि त्यातला एक सूरही माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले, "काय गोड गळे आहेत खेड्यातल्या लेकरांचे!" शाल आणि श्रीफळ पीटीच्या सरांना मिळालं. त्यांनी ते घेतलंही.

मंडप उठल्यावर ती माझ्याकडं आली. कपाळावरची पावडर घामानं ओघळली होती.

"बाई, म्या म्हणलं. खालचा भाग बराबर म्हणलं."

"माहीत हाय."

"ऐकू आलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. "न्हाई," मी म्हणाले. "पण दिसलं मला."

तिनं मनगटानं कपाळ पुसलं. "दिसून काय करायचं, बाई?" म्हणाली आणि जीप गाठायला गेली.

पुढं विभागाच्या स्पर्धेला शाळेनं आमचं नावच पाठवलं नाही. परीक्षा जवळ आल्यात म्हणाले. जूनपासून संगीताचे तास शिष्यवृत्तीच्या गणिताला गेले. ती दहावी झाली आणि शाळेतून गेली. मध्यंतरी भोकरदनच्या बाजारात भेटली. गातेस का विचारलं तर हसली. "फोनवर लावते ना गाणी." पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शाळेनं मोठे स्पीकर घेतलेत. आता प्रत्येक कार्यक्रमाला गाणं मोबाईलवरून लागतं. रांगेत उभी राहणारी पोरं नवीन आहेत, त्यांना गायला कुणी शिकवलेलंच नाही, म्हणून कुणाला वाईटही वाटत नाही. मुख्याध्यापक मला आदल्या दिवशी सांगतात, "मॅडम, तोंडं बराबर हलतात का, तेवढं बघून घ्या."

मी बघून घेते.