देव्हाऱ्यातलं पेन

रविवारी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गावाहून फोन आला. आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका कुलदेवीला जाते, आणि ती घरातल्या वडीलधाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायची असते. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं. आबा म्हणाले, "परवा येस मी. मन्हं पेन काढी ठेव. त्यानावरीच लिखसू."

फोन ठेवून मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी मला नोकरी लागली तेव्हा आबांनी आपल्या सदऱ्याच्या खिशातलं शाईचं पेन सगळ्या गल्लीदेखत काढून माझ्या खिशाला लावलं होतं. मी इतका भारावलो की त्याने एक अक्षर लिहायची हिंमत झाली नाही. जळगावला बिऱ्हाड केलं तेव्हा ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं. तेही टोपण काढून, थेट निबवर. टोपणाला वाहिलेलं आतपर्यंत पोचेल याची मला खात्री नव्हती.

आता टोपण काढलं तर निब दिसेना. कोमट पाण्यात बुडवलं. पाणी आधी पिवळं झालं, मग लाल, मग निळं.

बायको म्हणाली, "अहो, पेन धुताय की रंगपंचमी खेळताय?"

जुन्या टूथब्रशने निब घासली, रबरी नळी दाबून पाणी आतबाहेर केलं. तरी निबखालची काळी जीभ चोंदलेलीच.

पण शेतकऱ्याचं पोर एवढ्यावर हार मानतंय होय! कपाशीत ठिबकच्या नळ्या चोंदल्या की आबा त्यांत ॲसिड सोडतात, की पुन्हा थेंब थेंब पाणी सुरू. पेन तरी काय, शाईचं ठिबकच. मी वाटीभर पाण्यात फरशी धुवायच्या ॲसिडचे थेंब टाकले, निब आणि जीभ त्यात सोडली आणि चहा प्यायला गेलो. चहा जरा लांबला.

येऊन बघतो तर जीभ मोकळी झालेली, पण निबवरचं सोनेरी पाणी साफ उतरलेलं. आबांचं पेन मी स्वतःच्या हाताने बिघडवलं होतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

मंगळवारी आबा आले. मी शाई भरून, मान खाली घालून पेन पुढे केलं. त्यांनी पांढऱ्या निबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. पेन कुठेही अडलं नाही. अख्खी पत्रिका एका दमात झाली.

"काय करं रे तू याले?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं, ॲसिडसकट. "आबा, चुकलं माझं."

आबा हसायला लागले ते थांबेचनात. "अरे, मन्हाजोडे ते कधी चालंच नही! खिशाले शोभे म्हनीसन ठेयेल व्हतं. म्हटलं, पोऱ्या नोकरीवाला शे, करी लेई दुरुस्त."

पंचवीस दसरे मी ज्याच्यापुढे हात जोडले, ते आबांनी चालत नाही म्हणून मला दिलं होतं! राग आला आणि हसूही. पण छातीवरचा धोंडाही उतरला.

आबांनी निब धोतराच्या सोग्याला पुसली, टोपण लावलं आणि पेन स्वतःच्या खिशाला अडकवलं.

"आते चालस ना," ते म्हणाले, "मंग लई जास मी."